वकिलाच्या ऑफिसात चार आठवडे

आमची भाची कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम. परीक्षा संपल्या आणि तिने घरात सांगितलं, "अब्बू, मला आता चार आठवडे वकिलांच्या ऑफिसात जायचं आहे." आमचे थोरले भाऊ जेवत होते. हातातला घास हातातच राहिला. कुठलं ऑफिस, किती वाजेपर्यंत, तिथे आणखी बायका आहेत का, असे प्रश्न एकामागून एक सुरू झाले.

प्रश्न चुकीचे नव्हते, आणि ही हौसही नव्हती. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात निदान 20 आठवडे आणि तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 12 आठवडे असं काम करावंच लागतं. एका सलग मुदतीत चार आठवड्यांहून जास्त धरत नाहीत. रोज काय पाहिलं ते डायरीत लिहायचं, पक्षकाराची मुलाखत कशी घेतात ते बघायचं, एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला कोर्टात बसून पाहायचा. त्याला गुण असतात.

दोनच दिवसांत भावाच्या एका ओळखीच्याने तोडगा आणला. "पोरीला पाठवता कशाला? थोडे पैसे द्या, घरबसल्या सर्टिफिकेट मिळेल. डायरीसुद्धा लिहून मिळते." भाऊ जवळजवळ तयार झाले होते. भाची एवढंच म्हणाली, "मग मी कोर्टात उभी राहून काय बोलू, अब्बू?" त्या रात्री घरात फारसं कुणी बोललं नाही. सकाळी भावाने स्कूटर काढली आणि म्हणाले, "चल, आधी ऑफिस तर दाखव."

जागा निवडताना आम्हीही थोडं डोकं चालवलं. आपल्या शहरात उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, म्हणून मुलांना आधी जालना रोडच दिसतो. 27 ऑगस्ट 1981 ला ते इथे सुरू झालं. त्याआधी मराठवाड्यातल्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची. पण तिथलं काम बहुतेक कागदांवर आणि इंग्रजीत चालतं. साक्षीदार पिंजऱ्यात उभा आहे, उलटतपास चालला आहे, हे पाहायचं तर अदालत रोडच्या जिल्हा न्यायालयातच जायला हवं, आणि तिथली भाषा मराठी. शिवाय मे महिन्यात न्यायालयांनाही उन्हाळी सुट्टी असते. ते विसरून मे महिना ठरवणारी मुलं रिकाम्या व्हरांड्यात फिरतात. आम्ही जून ठरवला. वकीलसाहेबांच्या हाताखाली दोन ज्युनियर मुली आहेत, संध्याकाळी सहाला सोडतील, पैसे मिळणार नाहीत, हे सगळं भावाने स्वतः विचारून घेतलं.

पहिला आठवडा रडण्यात गेला. फायलींना पानांचे नंबर टाकायचे, झेरॉक्स आणायची, नकलेचा अर्ज द्यायला रांगेत उभं राहायचं. "मी काय चपराशी आहे का?" असं म्हणून ती रोज घरी यायची. खरं शिक्षण तिला मुन्शीचाचांनी दिलं. ते म्हणाले, "बेटा, वकील फाईल वाचतो, तू रोजनामा वाच." प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं, कोण गैरहजर होतं, कुणी मुदत मागितली, ते रोजनाम्यात लिहिलेलं असतं. दावा का रखडला ते तिथेच कळतं.

दुसऱ्या आठवड्यात तिला एक जुना निकाल वाचायला दिला. दगडू पठाण विरुद्ध रहीमबी, आपल्याच खंडपीठाच्या पूर्णपीठाचा, 2002 चा. पोटगी मागणाऱ्या बायकोला नवऱ्याने उत्तर दिलं की मी आधीच तलाक दिला आहे. न्यायालय म्हणालं, लेखी जबाबात तसं लिहिलं म्हणजे तलाक सिद्ध होत नाही. कारण काय होतं, दोन्हीकडच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केला होता का, हे पुराव्याने दाखवावं लागेल. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही शमीम आरा खटल्यात नुसत्या लेखी जबाबातला तलाक मान्य केला नाही. भाचीने हे जेवताना समजावलं, आणि भावाने पहिल्यांदाच तिला मधे न तोडता ऐकलं.

तिसऱ्या आठवड्यात मात्र घरातच वाद झाला. शेजारच्या खाला आल्या. "तुमची पोरगी जाते तिथेच अमक्याच्या सुनेची फाईल आहे म्हणे. काय लिहिलंय गं तिने?" भाची म्हणाली, "खाला, मला सांगता येत नाही." खाला चहा अर्धा ठेवून उठल्या. भाभी चिडल्या, "घरातल्यांपासून काय लपवायचं?" खोटं कशाला बोला, कान आमचेही टवकारले होते. पण पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे. कायद्याने ते बंधन वकिलाच्या कारकुनावर आणि दुभाष्यावरही घातलं आहे. मग शिकायला बसलेली मुलगी वेगळी कशी?

त्याच आठवड्यात जमिनीच्या एका दाव्यात निजामाच्या काळातला उर्दू कागद आला. आपल्याकडे कचेरीची भाषा तेव्हा उर्दूच होती, त्यामुळे असे कागद अजून निघतात. ऑफिसात वाचणारं कुणी नव्हतं. भाचीची शाळा मराठी, पण दादीने तिला उर्दू शिकवलेली. छापील अक्षर येतं, घसटं शिकस्ता येईना. दादी म्हणाली, "मोबाइलवर फोटो काढून आण, मी वाचते." ती म्हणाली, "तोही आणता येत नाही, दादी." दादी रुसली. मग तासाभराने तिने आपल्या वडिलांची जुनी पत्रं पेटीतून काढली आणि नातीला समोर बसवलं. चार रात्री दोघी त्या अक्षरांवर वाकून बसल्या होत्या. पाचव्या दिवशी भाचीने ऑफिसात निम्मा कागद वाचला. उरलेला जाणकाराकडून करून घेतला म्हणे. निम्मा का होईना, वकीलसाहेबांनी तिला त्या दिवशी आपल्या शेजारी खुर्ची दिली.

डायरीवर सही झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी खाला पुन्हा आल्या. या वेळी चहाला थांबल्या नाहीत. भाचीला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "माझंच एक काम आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत." भाचीने सांगितलं, 1987 च्या कायद्याप्रमाणे बाईमाणसाला मोफत वकील मिळतो, तिची कमाई किती ते बघत नाहीत. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, निकाहनामा आणि आधार घेऊन या, मी सोबत येते.

दोघी सोमवारी जाऊन आल्या. काय काम होतं ते आम्ही विचारलं नाही.