सही आमची, जोखीम आमची, मग फी कशाची?

१६ नोव्हेंबर २०२१, लातूर जिल्हा



आधी रानातलं. हरभरा पेरून बारा दिवस झाले, उगवण बरी आहे. तूर फुलोऱ्यात आहे आणि आभाळ येतंय, तेव्हा शेंगा पोखरणाऱ्या अळीवर लक्ष ठेवा. अळी लहान आहे तोवर निंबोळी अर्क मारून घ्या, मोठी झाल्यावर महागडं औषधही ऐकत नाही. सोयाबीन अजून घरातच आहे. भिजलेलं वेगळं आणि चांगलं वेगळं ठेवलंय, मिसळून नेऊ नका, व्यापारी सगळ्याला भिजलेल्याचाच भाव लावतो.

आता मूळ विषय. दिवाळी झाल्यापासून रोज दोन-तीन फोन येतायत. प्रश्न एकच. "भाऊ, कॉलेज सुरू झालंय, लेकराला पाठवायचं का? तुम्ही काय ठरवलं?"

मी पाठवतोय. पण त्याआधी कॉलेजनं आपल्यापुढं जो कागद ठेवलाय त्यावर बोलायचंय.

२० ऑक्टोबरपासून कॉलेजं उघडली. माझी लेक पुण्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दुसऱ्या वर्षाला, आणि तिनं अजून कॉलेजचं गेट पाहिलेलं नाही. २०२० ला बारावी झाली, सीईटी ऑक्टोबरमध्ये झाली, प्रवेश पक्का व्हायला जानेवारी उजाडला, आणि पहिलं वर्ष सगळं माळवदावर बसून मोबाईलवर गेलं. खाली घरात रेंज येत नाही म्हणून. वर्कशॉपमधली लेथ मशीन तिनं व्हिडिओत बघितली. मंडळी, तिफण व्हिडिओत बघून कुणाला पेरता येतं का?

तर कॉलेज उघडतंय म्हटल्यावर घरात आनंद झाला. मग तो कागद आला, "पालकांचे संमतीपत्र". त्यात तीन ओळी अशा आहेत. एक, माझा पाल्य माझ्या स्वतःच्या जबाबदारीवर कॉलेजात व वसतिगृहात येत आहे. दोन, त्याला कोविडची लागण झाल्यास संस्था कोणत्याही प्रकारे जबाबदार राहणार नाही. तीन, काही कारणाने कॉलेज पुन्हा बंद झाल्यास भरलेली रक्कम परत मिळणार नाही. खाली पालकाची सही.

मी फोन करून विचारलं, हे काय आहे? तिकडचे क्लार्क म्हणाले, "काका, फॉर्मॅलिटी असते, सगळे करतायत सही."

ही फॉर्मॅलिटी आपल्या चांगल्या ओळखीची आहे. गेल्या वर्षी खरिपात सोयाबीन उगवलं नाही, किती जणांनी तक्रारी केल्या आठवा. बियाणं कंपनी म्हणाली, जमिनीत ओल नव्हती, तुम्ही खोल पेरलं. यंदा सप्टेंबरच्या शेवटी पाऊस झाला, मांजरा धरणाचे दरवाजे उघडले, उभं पीक पाण्यात गेलं. विमा कंपनी म्हणाली, ७२ तासांत कळवलं का? तेव्हा रानात कमरेएवढं पाणी होतं, लाईट नव्हती, मोबाईल बंद होता. आणि आता लेकरू आजारी पडलं तर कॉलेज म्हणणार, तुम्हीच तर सही केली होती. पैसे सगळ्यांनी आधी घ्यायचे आणि नुकसान झालं की कागद काढून दाखवायचा.

संमती कशाला म्हणतात? समोरच्यानं आपल्याला सगळं सांगितलं, आपण विचारलं, त्यानं उत्तर दिलं, आणि मग आपण हो म्हणालो, तर ती संमती. एका खोलीत किती पोरं ठेवणार? एखाद्याला ताप आला तर त्याला वेगळं कुठं ठेवणार? कोणत्या दवाखान्यात नेणार, घरी फोन कोण करणार? यातलं एक अक्षर त्या कागदावर नाही. एप्रिल-मे महिन्यात बेडसाठी आपण कसे फिरलो, इंजेक्शनसाठी कुणाकुणाच्या पाया पडलो, ते विसरायला अजून वर्ष झालेलं नाही. ज्या घरानं माणूस घालवलाय त्या घरातल्या आईला पोरगी परगावी पाठवायची भीती वाटते, तर शहाणी माणसं म्हणतात, खेड्यातले पालक अडाणी, घाबरट. भीती अडाणीपणातून आलेली नाही, डोळ्यांनी बघितलंय त्यातून आलीय.

आता हिशोब सांगतो, कारण हिशोबाशिवाय हा विषय कळत नाही.

माझं पाच एकर सोयाबीन. एरवी एकरी आठ क्विंटलपर्यंत जातं. यंदा सगळं मिळून वीस क्विंटल. त्यातलं बारा चांगलं, आठ डागी. ऑगस्टच्या सुरुवातीला लातूरला दहा हजारांवर भाव ऐकला होता, तेव्हा आपल्या घरात दाणा नव्हता. मग सोयापेंड आयातीला परवानगी झाली, नवा माल आला, आणि भाव पाच-साडेपाच हजारांवर आला. चांगल्याचे सहासष्ट हजार आणि डागीचे अठ्ठावीस, म्हणजे चौऱ्याण्णव हजार. बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी मिळून खर्च सत्तर. राहिले चोवीस हजार. सरकारनं जिरायतीला हेक्टरी १० हजार जाहीर केलेत, दोन हेक्टरची मर्यादा, म्हणजे आले तर वीस हजार. झाले चव्वेचाळीस.

वसतिगृहाची फी बेचाळीस हजार, एकरकमी, आत्ता. मेस महिन्याला तीन हजार वेगळी.

म्हणजे आमचा अख्खा खरीप एका खोलीतल्या एका कॉटवर ठेवायचा, आणि उद्या तिसरी लाट आली, कॉलेज महिन्याभरात बंद झालं, तर तो खरीप गेला. परत मिळणार नाही असं आम्हीच सही करून लिहून द्यायचं. हे मनातलं भूत नाही. याच वर्षी १५ फेब्रुवारीला कॉलेजं उघडली होती की. महिना होत नाही तोवर जिल्ह्याजिल्ह्यात पुन्हा बंद झाली. ज्यांनी तेव्हा खोलीचं डिपॉझिट भरलं होतं त्यांना विचारा काय परत मिळालं.

आणखी एक. कॉलेजात यायला दोन डोस पाहिजेत, हा नियम. नियम बरोबर आहे, माझी हरकत नाही. पण १८ ते ४४ वाल्यांना मे महिन्यात लस सुरू झाली आणि तुटवड्यामुळं लगेच थांबली. आपल्या आरोग्य केंद्रात पोरांचा नंबर लागला ऑगस्टमध्ये. कोविशिल्डच्या दोन डोसांत ८४ दिवस. माझ्या लेकीचा पहिला डोस २० ऑगस्टचा, मग दुसरा १२ नोव्हेंबरच्या आत मिळणार कसा? २० ऑक्टोबरला शहरातली पोरं वर्गात बसली आणि आमची माळवदावरच राहिली. ऑक्टोबरच्या शेवटी कॉलेजांमधून लसीकरणाची मोहीम झाली, चांगली झाली. पण ज्याचे ८४ दिवस भरले नाहीत त्याला मोहिमेचा काय उपयोग? आणि ज्यांना अजून अठरा पूर्ण नाहीत त्यांना तर लसच नाही.

बरं, डोस झाले, तर एसटी बंद. संप आहे, कामगारांचं दुखणं खरं आहे, त्यावर मी बोलत नाही. पण आपल्या तालुक्यातली जी पोरं पासवर रोज लातूरला जातात त्यांनी जायचं कशानं? काळीपिवळीत पंधरा-पंधरा जण कोंबून? वर्गात एका बाकावर एकच बसा म्हणायचं आणि वर्गापर्यंत असं यायला लावायचं.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग नकाच पाठवू. घरीच बसू दे, एक वर्ष गेलं तर काय बिघडतं?

इथं मी आपल्याच माणसांशी भांडणार आहे. राग आला तर येऊ द्या.

पाठवण्यात काय धोका आहे हे त्या संमतीपत्रात लिहिलंय. न पाठवण्यात काय धोका आहे ते कुणीच लिहून घेत नाही, म्हणून तो नाहीच असं आपल्याला वाटतं. गेल्या वर्षी "एक वर्ष थांबू" म्हणून घरी ठेवलेली आमच्या गावातली पोरं बघा. चार जण ठेकेदाराकडं चाकणला लागले. महिन्याला बारा-तेरा हजार हातात येतात, आता ते परत कॉलेजचं नाव काढत नाहीत. त्यांना दोष देत नाही, घर त्यावर चालतंय.

आणि पोरी? लग्नाला ५० माणसांची मर्यादा होती, मग यंदा एप्रिलमध्ये २५ ची झाली. मंडप नाही, बँड नाही, जेवणावळ नाही. आपल्यातल्या कितीतरी बापांनी हिशोब केला, आत्ता स्वस्तात उरकतंय, उरकून टाका. तसं बघितलं तर हिशोब चुकीचा नव्हता. पण बारावीला पंच्याऐंशी टक्के घेतलेली पोरगी त्या हिशोबात गेली. ती आता कोणत्या कॉलेजला परत जाणार?

त्याहून वाईट म्हणजे, एकाच घरात पोराला पाठवतात आणि पोरीला ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "साथीचे दिवस आहेत, पोरीची जबाबदारी कोण घेणार?" अहो, विषाणूला पोरगा-पोरगी कळत नाही. जो धोका पोराला आहे तोच पोरीला आहे. पोराच्या वेळी तो पत्करता आणि पोरीच्या वेळी भीती आठवते, तर ती भीती साथीची नाही. नाव साथीचं घेऊ नका एवढंच म्हणणं आहे.

म्हणून माझं ठरलंय. लेकरांना पाठवायचं. पण मान खाली घालून सही करायची नाही.

आम्ही काय केलं ते सांगतो. लेकीच्या वर्गातल्या पोरांच्या पालकांचा एक ग्रुप केला. अकरा जण जमलो, बीडचे दोन, परभणीचा एक, सोलापूरचे तीन, बाकी आपल्या भागातले. प्राचार्यांना अर्ज दिला, पोच घेतली. अर्जात पाच गोष्टी मागितल्या:

१. वसतिगृहाचे पैसे एकरकमी न घेता टप्प्याटप्प्यानं घ्या. कॉलेज बंद झालं तर राहिलेल्या महिन्यांचे परत करा.
२. ताप आलेल्या पोरांसाठी वेगळ्या खोल्या ठेवा, आणि कोणत्या दवाखान्यात नेणार, खर्च कसा होणार, हे लेखी द्या.
३. दुसरा डोस बाकी असलेल्यांचे आणि वाहन नसलेल्यांचे तास मोबाईलवर चालू ठेवा, हजेरी कापू नका.
४. पहिल्या वर्षाची राहिलेली प्रॅक्टिकल भरून काढा. प्रयोगशाळेची फी आम्ही भरलेली आहे.
५. संमतीपत्रात संस्थेची जबाबदारी काय, हेही लिहा. दोघांच्या सह्या असू द्या.

उत्तर काय आलं? वसतिगृहाचे पैसे दोन हप्त्यांत घ्यायला तयार झाले. दोन खोल्या वेगळ्या ठेवल्यात असं तोंडी सांगितलं, लेखी अजून नाही. प्रॅक्टिकल शनिवारी घेऊ म्हणालेत. पैसे परत करण्यावर आणि पाचव्या मुद्द्यावर गप्प आहेत. एकट्यानं फोन केला तेव्हा मी "काका" होतो, अकरा जणांनी अर्ज दिल्यावर "आपले निवेदन प्राप्त झाले" असं पत्र आलं. एवढा फरक पडतो.

मी सही केली, पण सहीच्या वर हातानं लिहिलं: "वरील अर्जातील मागण्या मान्य होतील या समजुतीवर." कोर्टात त्याला किती किंमत आहे ते वकील जाणोत. पण आम्हाला न विचारता आमची संमती घेतली असं उद्या कुणाला म्हणता येणार नाही. लेकीचा दुसरा डोस १३ तारखेला झाला. येत्या सोमवारी ती जातेय. एसटी नाही म्हणून ट्रॅव्हल्सनं, दुप्पट भाड्यानं. तिच्या आईनं पिशवीत थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर दोन्ही टाकलंय.

जाता जाता कामाचं. ज्यांची जमीन पाच एकरांच्या आत आहे त्यांनी अल्पभूधारकाचा दाखला काढून ठेवा. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेत अल्पभूधारकाच्या मुलांना पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ३० हजार आणि इतर ठिकाणी २० हजार मिळतात. ठरावीक अभ्यासक्रमांनाच आहे, तेव्हा आधी आपला अभ्यासक्रम बसतो का बघा. शिक्षण शुल्काच्या सवलतीसाठी राजर्षी शाहू महाराज योजना आहे. दोन्हीचे अर्ज महाडीबीटीवर. तलाठ्याकडं दाखल्यासाठी आजच जा, शेवटच्या आठवड्यात सर्व्हर चालत नाही हे सांगायला नको.

आणि तुमच्या लेकराच्या कॉलेजनं कसला कागद दिलाय तो वाचून बघा. "जबाबदार राहणार नाही" ही ओळ असली तर खाली कमेंटमध्ये जिल्हा आणि वर्ग एवढंच लिहा. त्याच कॉलेजचे दुसरे पालक इथंच सापडतील. पाच जण झाले की अर्ज करा. मसुदा पाहिजे असेल तर माझ्याकडं तयार आहे, मागा.