कैवल्याचे स्मरण

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल मळवलीला थांबते, तेव्हा एका बाजूस भाजे लेण्यांचा डोंगर आणि त्यामागे लोहगड-विसापूर दिसतात. दुसऱ्या बाजूस कार्ल्याच्या लेण्यांची रांग. भाजे येथील विहारांत बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेल्या खोल्या आणि दगडी ओटे दोन हजार वर्षांनंतरही टिकून आहेत. मनाला आवर घालण्याची साधना या भूमीला किती जुनी ओळखीची आहे, याचीच ती साक्ष होय.

मळवलीनंतरचे स्थानक लोणावळ्याचे. येथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी 'कैवल्यधाम' स्थापन केले. पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच हे स्वामीजी, बडोद्याच्या माणिकरावांकडे व्यायामविद्या शिकले आणि नर्मदातीरीच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींकडे योग. उड्डियान, नौली या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकातून जगापुढे मांडले. योगाला प्रयोगशाळेत नेणाऱ्या या पुरुषाने संस्थेला नाव मात्र आरोग्याचे दिले नाही, कैवल्याचे दिले. पतंजलींच्या योगसूत्रांचा चौथा आणि अखेरचा पाद 'कैवल्यपाद' आहे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

आज योग म्हणजे आसने, असेच समीकरण रूढ झाले आहे. वस्तुतः पतंजलींच्या सुमारे १९५ सूत्रांपैकी आसनावर अवघी तीन आहेत. अष्टांगांत आसनाचे स्थान तिसरे. त्याआधी यम आणि नियम येतात. सत्य, अहिंसा, अस्तेय, संतोष यांच्या पायावर आसन उभे राहते आणि वाट समाधीकडे जाते. हठयोगाचा प्रमाणग्रंथ मानली जाणारी 'हठप्रदीपिका'ही हठयोगास राजयोगाची पायरीच म्हणते.

योगाचे मूळ याहूनही प्राचीन आहे. इंद्रियांची स्थिर धारणा म्हणजे योग, अशी व्याख्या कठोपनिषदात येते. गीतेने ज्ञान, कर्म, भक्ती आणि ध्यान या वाटा एकत्र आणल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वामी विवेकानंदांनी ज्ञान, कर्म, भक्ती आणि राजयोग हे चार मार्ग आधुनिक जगाला समजावून सांगितले. स्वभाव भिन्न, म्हणून मार्ग भिन्न, गंतव्य एकच.

महाराष्ट्राला तर हे चारही मार्ग घरचे आहेत. नाथपंथाची परंपरा लाभलेल्या ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सहाव्या अध्यायावर लिहिताना कुंडलिनीजागृतीचे सविस्तर वर्णन केले, आणि तरीही वारकऱ्यांना भक्तीची सोपी वाट दाखविली. याच मावळातील भंडारा डोंगरावर तुकोबांनी नामचिंतनात एकांत साधला. लोकमान्यांनी मंडालेच्या कारागृहात 'गीतारहस्य' लिहून कर्मयोगाची मांडणी केली. यांपैकी कोणाचीही थोरवी आसनांच्या संख्येवर मोजली जात नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, पाठदुखीने त्रस्त माणसाला वैराग्य सांगून काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. रुग्णाला आधी आराम मिळावा; कुवलयानंदांनी योगोपचाराचे कार्य त्याच करुणेने उभारले. तथापि शिकणाऱ्याची गरज मर्यादित असली, तरी शिकविणाऱ्याची दृष्टी मर्यादित असून चालणार नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१४ साली २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून स्वीकारला, याचा अभिमान प्रत्येक भारतीयाला आहे. परंतु जगाने आपल्याकडून केवळ व्यायाम घेतला आणि आपणही तेवढाच शिकविला, तर दोष घेणाऱ्याचा नव्हे, देणाऱ्याचा ठरेल.

यासाठी फार मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. प्रत्येक योगवर्गात आसनांपूर्वी यम-नियमांपैकी एकाचा विचार व्हावा, आणि अखेरीस थोडा काळ स्वस्थ बसणे असावे. शरीर हे साधन आहे, साध्य नव्हे, एवढे भान शिक्षकाने राखले, तरी कैवल्यधामाच्या नावामागचा संकल्प जिवंत राहील.