हवामानावर खापर फोडू नका, दाराची राखण करा



पिकावर नवी कीड पडली की सरकारी उत्तर ठरलेले असते : हवामान बदलले. पावसाने उघडीप दिली, थंडी पडली नाही, म्हणून कीड वाढली. यात खोटे काही नाही. पण हा अर्धाच हिशेब झाला. हवामान किडीला पोसते. सातासमुद्रापलीकडून तिला आणत नाही.

कपाशीवरचा पिठ्या ढेकूण घ्या. हा मूळचा अमेरिकेचा. त्याच्या मादीला पंखच नसतात. समुद्र तिने उडून ओलांडला नाही; कुठल्या तरी रोपाबरोबर, मालाबरोबरच ती आली. २००६-०७ च्या सुमारास या ढेकणाने गुजरात-पंजाबात कपाशीचे हाल केले आणि तो महाराष्ट्रातही पसरला. उष्ण, कोरड्या हवेत तो फोफावतो, जोराच्या पावसात धुऊन जातो. हवामानाचा वाटा एवढाच. शेतात कपाशी नसते तेव्हा तो बांधावरच्या गाजर गवतावर दिवस काढतो. ते गवतही परदेशीच, १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले. एक उपरा दुसऱ्या उपऱ्याला आसरा देतो आणि भाडे भरतो शेतकरी!

दुसरी मक्यावरची, ज्वारीवरची अमेरिकन लष्करी अळी. तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर मजल मारतो. त्याला बंदरावर अडवता येत नाही, हे मान्य. पण ही अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत उतरली आणि तिथल्या मक्याची दैना साऱ्या जगाने पाहिली. आपल्याकडे ती मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला सापडली, त्याच वर्षी सोलापूरकडे दिसली. मध्ये दोन वर्षे हातात होती. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण, शेपटाकडे चौकोनात चार ठिपके, एवढी साधी तिची ओळख. त्या दोन वर्षांत ती सोनगीरच्या किती शेतकऱ्यांना कोणी करून दिली?

अमेरिकेच्या थंड राज्यांत ही अळी दर हिवाळ्यात मरते आणि फ्लोरिडा-टेक्सासकडून नव्याने वर सरकते. खानदेशात तेवढी कडक थंडी नाही. खरिपाचा मका निघाला की दादर उभी असतेच. त्यामुळे ती मुक्कामालाच राहिली. हिवाळे उबदार होत गेले तर मुक्काम आणखी पक्का होईल. म्हणजे हवामान बिघडते आहे म्हणून राखण दुप्पट हवी. ते राखण सोडण्याचे निमित्त नव्हे.

हे भोग श्रीमंत देशांनाही चुकलेले नाहीत. आशियातला एक बारीक भुंगेरा, बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून, अमेरिकेत गेला आणि २००२ मध्ये जॉर्जिया राज्यात सापडला. त्याच्या अंगावरच्या बुरशीने पुढे फ्लोरिडातल्या अव्होकॅडोच्या बागा वाळवल्या. व्यापार चालायचाच, आमचा कापूसही परदेशी जातो. पण माल तपासून घेणे हे सरकारचे काम आहे. त्यासाठी १९१४ पासून कायदा आहे, २००३ पासून क्वारंटाइनचा आदेश आहे. कागदाला तोटा नाही, तपासणीला आहे.

आमच्या वाट्याचे आम्ही करू. गाजर गवत फुलण्याआधी उपटू. पिठ्या ढेकूण दिसला की लगेच जहाल औषध मारणार नाही. कारण त्याच्या अंगात अंडी घालून त्याला संपवणारी बारीक माशी २००८ पासून आपल्या शेतांत आढळते आहे. ती फुकट राबते, आणि औषधाने आधी तीच मरते.

पण सरकारकडे मागणे तीन : बंदरावर मालाची खरी तपासणी. परदेशात नवी कीड उठल्याचे कळताच तिचे चित्र आणि उपाय गावच्या चावडीवर. आणि नवी कीड पहिल्यांदा उतरेल त्या हंगामाचा फवारणीचा खर्च सरकारच्या डोक्यावर.

दार उघडे ठेवले त्यांनी, चोरी झाली आमच्या घरात. मग भरपाई आम्ही का सोसायची?