गेलेली पत कार्डाने परत येते काय?

मुलाच्या घरकर्जाचा अर्ज नामंजूर झाला म्हणून एक गृहस्थ अलीकडेच धर्मग्रामाच्या कार्यालयात आले होते. ‘फादर, गावात आमचे नाव स्वच्छ आहे. तुम्ही एक पत्र द्या,’ अशी त्यांची विनंती होती. पत्र देण्यास माझी हरकत नव्हती, परंतु त्याचा उपयोग होणार नव्हता. मुलाने पहिल्या नोकरीत असताना एक क्रेडिट कार्ड घेतले होते. पुढे त्याचा वापर थांबला, घर बदलले, वार्षिक शुल्काची बिले जुन्या पत्त्यावर जात राहिली आणि काहीशे रुपयांची थकबाकी व्याज व दंडासह हजारांवर गेली. आता मित्रमंडळी त्याला सांगत आहेत, की पत सुधारायची असेल तर दुसरे कार्ड घे. हा सल्ला कितपत खरा आहे?

वसईत १९१८ साली कॅथॉलिक सहकारी बँक स्थापन झाली, त्या काळात कर्ज मागणाऱ्याची पत म्हणजे त्याला ओळखणाऱ्या शेजाऱ्याचा शब्द होता. आज तो शब्द तीन आकडी संख्येने घेतला आहे. सिबिल ही संस्था २००० साली सुरू झाली, पतमाहिती कंपन्यांविषयीचा कायदा २००५ साली झाला, आणि आता देशात अशा चार कंपन्या आहेत. सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० असतो. या संख्येस माणसाचा प्रामाणिकपणा ठाऊक नसतो. घेतलेले कर्ज ठरल्या तारखेस फेडले की नाही, एवढेच प्रामुख्याने ती पाहते. ज्याने आयुष्यात कर्जच घेतले नाही त्याची पाटी कोरी. पतपेढीचे हप्ते वीस वर्षे नियमित भरणाऱ्याची नोंदही सहसा तेथे नसते, ही मला या व्यवस्थेतील मोठी उणीव वाटते. केवळ पूर्वेतिहास नाही म्हणून प्रथम कर्जदाराचा अर्ज फेटाळू नये, तसेच रिझर्व्ह बँकेने कोणताही किमान गुणांक ठरवलेला नाही, असे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. तथापि प्रत्येक बँक आपले निकष आपणच ठरवते.

ज्याची पत बिघडली आहे त्याला साधे कार्ड बहुधा मिळत नाही. तरीही तो एकामागून एक अर्ज करीत जातो. प्रत्येक अर्जाबरोबर बँक त्याचा अहवाल मागवते, त्या चौकशीची नोंद होते आणि अनेक नोंदी साचल्या की गुणांक आणखी घसरतो. अशा माणसाने मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्डच घ्यावे. समजा, पंचवीस हजारांची ठेव ठेवली. बँक तिच्यावर बोजा चढवून त्या रकमेच्या बऱ्याचशा भागाइतकी खर्चमर्यादा देते. ठेवीचे व्याज चालूच राहते. वार्षिक शुल्क नसलेले कार्ड निवडावे. बक्षीस-गुण, विमानतळावरील विश्रामकक्ष वगैरे आमिषांचा येथे काही संबंध नाही. महिन्याचे वीजबिल किंवा गॅस सिलिंडर एवढेच त्यावर घ्यावे, मर्यादेच्या तीस टक्क्यांपलीकडे जाऊ नये आणि संपूर्ण बिल मुदतीपूर्वी भरावे. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला कळवावी लागते; तरीसुद्धा गुणांक सावरण्यास अनेक महिने लागतात. हप्ता चुकला तर ठेव जाते, आणि नोंदही पुन्हा बिघडू शकते.

खरा धोका बिलावरील ‘किमान देय रक्कम’ या शब्दांत आहे. समजा, बिल चाळीस हजारांचे, किमान रक्कम पाच टक्के म्हणजे दोन हजार आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के. महिन्याचे व्याज चौदाशे रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे दोनशे बावन्न. दोन हजार भरूनही मुद्दल जेमतेम तीनशे अठ्ठेचाळीस रुपयांनी कमी होते! शिवाय बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. किमान रक्कम भरणारा थकबाकीदार ठरत नाही, हे खरे. परंतु पत राखता राखता त्याचे घर रिकामे होते. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. वार्षिक चाळीस टक्क्यांच्या वर व्याज आकारणारी कार्डे आज सर्रास आहेत, आणि त्यांना अडवणारी ती भिंत आता उरलेली नाही.

त्या तरुणास मी सांगितले, की नव्या कार्डाचा विचार नंतर. आधी स्वतःचा अहवाल काढून पाहा. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो आणि आपण स्वतः तो पाहिल्याने गुणांक कमी होत नाही. चुकीची नोंद असल्यास तक्रारही विनामूल्य करता येते. तीस दिवसांत निवारण झाले नाही तर दररोज शंभर रुपये भरपाईची तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. गुणांक वाढवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालांच्या वाटेस जाऊ नये. बँकेने काही रक्कम सोडून देऊन ‘तडजोड’ देऊ केली, तर अहवालात तशीच नोंद राहते आणि पुढील बँक तिच्याकडे संशयानेच पाहते. म्हणून शक्य असल्यास पूर्ण रक्कम भरून खाते बंद झाल्याचा लेखी दाखला घ्यावा.

त्याने तसे केले आहे. ठेवीवरील कार्डाचा अर्ज त्यानंतर गेला. बोलता बोलता वडिलांकडून असेही कळले, की ते गावातील दोघांना जामीन आहेत आणि ते हप्ते नियमित जातात की नाही हे त्यांनी कधी विचारलेले नाही. जामिनाचे कर्जही जामीनदाराच्या अहवालात दिसते. पुढल्या आठवड्यात ते आपलाही अहवाल काढणार आहेत.