फोटो चांगला आहे, रस्ता खराब आहे

गेल्या डिसेंबरात मी नागपूरहून सायकलने मामाच्या गावी गेले. गाव सौंसरजवळ, म्हणजे मध्य प्रदेशात. सावनेरपर्यंत मोठा रस्ता, पुढे राज्याची हद्द आणि मग सौंसर. दुसऱ्या दिवशी डांबर शक्य तितकं टाळून पांदणीतून, मुरमाच्या रस्त्यांनी पांढुर्ण्यापर्यंत जायचं ठरवलं होतं. वाटेत एका पांदणीत थांबून फोटो काढला. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, मधोमध गवताची पट्टी, बंडीच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या आणि त्यात माझी सायकल. संध्याकाळपर्यंत इन्स्टाग्रामवर लाइक्सचा पाऊस. मामाने खाली एवढंच लिहिलं : "फोटो चांगला आहे. रस्ता खराब आहे."

मी हसणारा इमोजी टाकला आणि विषय संपवला. तो संपला नव्हता. हा लेख म्हणजे मामाला द्यायचं राहून गेलेलं उत्तर.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे कच्च्या रस्त्यांवरची सायकल. रेसिंग सायकलपेक्षा जाड टायर, चाळीस मिलिमीटरच्या आसपास, त्यात हवा थोडी कमी, आणि वाट शक्यतो अशी की जिथे ट्रक येत नाही. अमेरिकेतल्या कान्सासमध्ये 2006 साली दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली आणि हा प्रकार जगभर पसरला. 2022 मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाली. आपल्याकडे आता नागपूर-पुण्याची मुलंमुली रविवारी पहाटे असल्या वाटा शोधत निघतात. माझी सायकल काही खास ग्रॅव्हल बाइक नाही. साधी गिअरची आहे, टायर तेवढे जाड बसवून घेतलेत.

या खेळाबद्दल बोलताना सगळे एक वाक्य हमखास म्हणतात : "आपण निसर्गाशी जोडले जातो." मीही म्हणायचे. आता म्हणताना जरा अडखळते.

कारण नुसतं तिथून गेल्याने कोणी कशाशी जोडलं जात नाही. एसी गाडीतून जाणाऱ्यापेक्षा सायकलवाल्याला जास्त दिसतं, हे खरंच. चढ पायांना कळतो, वाऱ्याची दिशा कळते, ओलिताची जमीन कुठे सुरू झाली हे अंगावर आलेल्या गारव्यानेच कळतं. पण जे दिसतं त्याचं नाव माहीत नसेल तर ते 'व्ह्यू' होऊन राहतं. आणि व्ह्यूला माणसं नसतात.

मुरूमच घ्या. ग्रॅव्हल म्हणजे काय, तर आपल्याकडे मुरूम. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन जो काळा खडक झाला, तो झिजत झिजत आधी मुरूम होतो आणि मग काळी माती. म्हणजे मुरूम हा खडक आणि वावर यांच्या मधला मुक्काम. पांढुर्ण्याकडे जाताना हे तिन्ही एकाच उतारावर दिसतात : वर बरड, मध्ये मुरूम, खाली पऱ्हाटीची काळी जमीन. सौंसरकडचा खडक तर याहून कितीतरी जुना. नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या ज्या प्राचीन खडकांत मँगनीज सापडतं, त्यांना भूशास्त्रज्ञ 'सौंसर समूह' म्हणतात. माझ्या मामाच्या तालुक्याचं नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत आहे, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी कळलं. मामाला अजून माहीत नाही. त्याला त्याने फरकही पडत नाही, त्याचं काम खालच्या काळीशी.

आपल्या भागात हे काम फार पूर्वी एका माणसाने करून ठेवलंय. 1845 मध्ये नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप. कॉलेजच्या पाटीवरचं त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण हा माणूस दगड गोळा करत हिंडायचा हे फार थोड्यांना माहीत असतं. नागपूर परिसराच्या भूगर्भावर त्यांनी लिहिलं, जीवाश्म शोधले, आणि त्याचबरोबर गोंड लोकांची भाषा आणि गाणी टिपून ठेवली. ते कागद त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये छापले गेले. 1863 साली टाकळघाटची दगडी वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले. मला त्यांच्यातलं एक आवडतं : त्यांनी दगडही पाहिले आणि दगडांमध्ये राहणाऱ्या माणसांना विचारलंही. आपण बहुतेक जण यातलं एकच करतो. काही जण एकही नाही.

आता माझी चूक सांगते.

मोबाइलवरच्या नकाशात पांदण सरळ जाताना दिसत होती. प्रत्यक्षात ती एका वावरापाशी संपली. पुढे पायवाट दिसली म्हणून मी सायकल तशीच रेटली. तुरीच्या कडेने पन्नासेक पावलं गेले असेन, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अवं पोरी, थो रस्ता नोय! धुरा होय माया!"

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तो मातीचा असतो, दर पावसाळ्यात खचतो आणि दर वर्षी पुन्हा चढवावा लागतो. त्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. त्या धुऱ्याची कड माझ्या चाकाने ढासळली होती. मी उतरले, माफी मागितली. म्हातारबाबा जवळ आले, हेल्मेटकडे बघितलं आणि विचारलं, "तू कोनाची वं?"

कुठून आलीस, काय करतेस, असलं काही नाही. कोनाची. मी मामाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. चेहरा एकदम बदलला. मामाला ते ओळखत नव्हते, पण मामाच्या गावातली दोन-तीन घरं ओळखत होते. पाणी मिळालं, चार संत्री मिळाली आणि माहितीही मिळाली. नकाशातली पांदण खरी होती. पूर्वी तिथून बंडी जायची. दोन्हीकडच्या वावरवाल्यांनी दर नांगरणीला एक-एक तास आत घेत घेत ती गिळून टाकली. सरकारी नकाशात रस्ता आहे, जमिनीवर नाही. आता त्यांचा स्वतःचा माल बाहेर काढायला दुसऱ्याच्या वावरातून वाट मागावी लागते. तो खूश असेल तर देतो.

इथे मला मामाचं वाक्य नीट कळलं.

मामाच्या बगीच्यात आंबिया बहार घेतात. डिसेंबर-जानेवारीत झाडांचं पाणी तोडून ताण द्यायचा, मग पाणी दिलं की फुलं येतात, आणि फळ उतरतं दिवाळीच्या आगेमागे. व्यापारी बगीचा बघायला येतो तेव्हा तो आधी झाडाकडे बघत नाही, रस्त्याकडे बघतो. गाडी बगीच्यापर्यंत येत असेल तर एक भाव. येत नसेल तर क्रेट बंडीत भरून पांदणीतून बाहेर काढायचे, हादऱ्याने फळ दबतं, मजुरी वाढते, आणि ते सगळं मामाच्या भावातून वजा. अवकाळी पाऊस झाला तर संपलंच. काळी माती चाकाला अशी धरते की बंडीच काय, माझी सायकलही फिरत नाही, खांद्यावर घ्यावी लागते. जो खड्डा माझ्या रविवारची गंमत आहे, तो मामाच्या वर्षभराच्या हिशेबातला खर्च आहे. आणि मी त्या खड्ड्याचा फोटो सोनेरी फिल्टर लावून टाकला होता.

मग काय, सगळ्या पांदणी सिमेंटच्या व्हाव्यात का? इथे माझं मत सरळ नाही, पण आहे.

इटलीत तोस्काना प्रांतात पांढऱ्या मुरमाचे जुने रस्ते आहेत. त्यांच्यावर डांबर पडत चाललं तेव्हा 1997 मध्ये काही सायकलप्रेमींनी 'लेरोइका' नावाची जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. आज त्या पांढऱ्या रस्त्यांवर अभिमानाने जगप्रसिद्ध शर्यती होतात. आपल्याकडचे उत्साही लोक हे उदाहरण देऊन म्हणतात, कच्चे रस्ते वाचवा. पण रस्ता कच्चा असणं आणि रस्ता खराब असणं या दोन गोष्टी आहेत. नीट मुरूम टाकून, दाबून, मध्ये उंच आणि कडेला उतार ठेवून, नाली काढलेली पांदण पावसातही चालते. अतिक्रमण काढलेली आणि मुरूम पडलेली पांदण मामालाही पुरते आणि मलाही. म्हणून सायकलवाल्यांनी 'कच्चा रस्ता राहू द्या' ही मागणी करू नये. मागणी असावी 'पांदण मोकळी करा आणि नीट करा'. ज्याच्या वाटेवर आपण मजा करतो, त्याच्या गरजेच्या विरुद्ध आपली मजा उभी राहता कामा नये.

कान्सासच्या त्या शर्यतीकडूनही एक शिकण्यासारखं आहे. तिच्या मूळ नावात 'कान्झा' हा शब्द होता आणि त्याच्याआधी 'डर्टी'. कान्झा म्हणजे तिथले मूळचे कॉ लोक, ज्यांना 1873 मध्ये त्याच भूमीवरून ओक्लाहोमाकडे हलवलं गेलं. ज्यांची जमीन गेली त्यांच्या नावाला 'मळका' हे विशेषण लावून शर्यत चालू होती. आक्षेप आले, आणि अखेर 2020 मध्ये नाव बदललं. जमिनीशी नातं जोडायचं म्हणता, तर आधी तिथल्या माणसांना नीट हाक मारा, एवढाच त्याचा अर्थ.

पांढुर्ण्याच्या बाबतीत आपण वेगळं काय करतो? पांढुर्णा म्हटलं की आपल्याला एकच माहीत : गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत रोवलेला पळस, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि दगडांचा वर्षाव. व्हिडिओ फिरतात, आपण "बापरे" म्हणतो. त्या दगडफेकीने माणसं कायमची जायबंदी होतात, जीवही जातात, तिचं समर्थन मी करणार नाही. पण डिसेंबरात मी जामच्या काठावर पोचले तेव्हा पाणी घोट्याएवढं होतं, बाया धुणं धूत होत्या आणि एक पोट्टा बैल पाजत होता. वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ही नदी अशीच असते. ते दिवस कुणी शूट करत नाही.

आणि शेवटचं, आपल्या मंडळासाठी खास. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, नागपूर एका राज्यात गेलं आणि सौंसर-पांढुर्णा दुसऱ्या. 2023 मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा जिल्हा झाला. सायकलवर हद्द ओलांडताना मजा वाटते : 'सावकाश जा'चं 'धीरे चलें' होतं, तलाठ्याचा पटवारी होतो, सातबाऱ्याचा खसरा होतो. पण धुऱ्याचा धुराच राहतो. पांदण, वावर, पऱ्हाटी, बंडी, सगळं तेच. पाटीची भाषा बदलते, मातीची बदलत नाही. आपण मराठी वाङ्मय मंडळात बसून मराठीच्या भवितव्यावर परिसंवाद घेतो, आणि आपल्यापासून सायकलच्या अंतरावर जी मराठी रोज वावरात राबते तिचे दहा शब्दही आपल्याला येत नाहीत. मलाही धुरा म्हणजे काय हे तो मोडल्यावर आठवलं.

तर पुढच्या वेळी निघाल तेव्हा किलोमीटर मोजाच, पण सोबत पाच शब्द घेऊन या. वाट संपली तर रेटू नका, विचारा. संत्री दिली तर घ्या, देणाऱ्याचं नाव विचारा. "तू कोनाची?" असं कोणी विचारलं तर चिडू नका, तो पोलिसी सवाल नाही. तुम्हाला कुठे बसवायचं, हे तो माणूस शोधत असतो.

मामा, रस्ता खराब आहे हे मान्य. उन्हाळ्यात येते आहे. पांदणीच्या अर्जावर सह्या गोळा करायच्या म्हणत होतास ना, गावोगाव फिरायला माझ्याकडे सायकल आहे.