दर्याचे सल्लागार कोण?

बदलापूरच्या बेलवलीत राहणाऱ्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हे वाचकांना थोडे विचित्र वाटेल. आमच्याकडे पाणी म्हणजे उल्हास नदीचे. पावसाळ्यात ते कुठवर चढते, एवढीच आमची चिंता. समुद्र पाहायचा तर लोकलने दीड-दोन तास जायचे आणि भेळ खाऊन परत यायचे. तरीही २०१० च्या ऑगस्टमध्ये समुद्रातला एक अपघात आमच्या दारापर्यंत आला, तो मासळीच्या पाटीतून.

७ ऑगस्ट २०१० हा शनिवार होता. मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. ‘चित्रा’ एका अंगाला कलली, तिच्यावरचे शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेले. जहाजावरच्या काही कंटेनरांत कीटकनाशके होती, हेही लवकरच कळले. उरण, अलिबाग, घारापुरीच्या किनाऱ्यांवर काळा थर आला, तिवरांच्या मुळांना डांबर फासल्यासारखे झाले. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली आणि गावोगावच्या स्वयंपाकघरांत मासे खावेत की नाही, याची चर्चा सुरू झाली.

श्रावण तोंडावर आला होता. एरवी त्या चार दिवसांत आमच्याकडे येणाऱ्या मासळीवालीची पाटी पहिल्या दोन गल्ल्यांतच रिकामी व्हायची. त्या आठवड्यात ती भरलेली पाटी घेऊन आमच्या पायरीवर बसली होती. “भाऊ, ही रोहू आहे, तळ्यातली. तळ्यात कुठे जहाज आपटलं?” ती म्हणाली. तिचे बरोबर होते, पण घेणारे घेत नव्हते. मग तिने विचारले, “हे असं किती दिवस चालायचं?” मी आयुष्यभर बँकेत आकडेमोड केलेला माणूस, पण या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. तसे ते कोणाच्याच अहवालात नसते, हे मला नंतर उमगले. पाण्याच्या एका लिटरमध्ये किती तेल उतरले याचे मोजमाप होते. पाटी किती दिवस भरलेली परत जाते, याचे होत नाही. मोजायचे काय, हे ठरवणाऱ्या टेबलाशी ती कधी बसलेलीच नसते.

इथे मला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगितल्याखेरीज राहवत नाही. ऐन उमेदीच्या काळात माझी बदली रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका शाखेत झाली होती. यांत्रिक होड्यांसाठी कर्ज देण्याची योजना वरून आली होती. उत्तम टंकलिखित, तज्ज्ञांच्या समितीने तयार केलेली. समितीत अर्थशास्त्राचे जाणकार होते, इंजिनांची माहिती असलेले होते, विमावालेही होते. परतफेड बारा महिन्यांचे बारा समान हप्ते. पहिल्याच पावसाळ्यात साऱ्या कोळीवाड्याची खाती थकली आणि आम्ही नियमानुसार नोटिसा काढल्या. एक वयस्क तांडेल नोटीस हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. “साहेब, आखाडात होडी वर ओढलेली, झावळ्यांनी शाकारलेली. तेव्हा हप्ता कुठून देऊ?” एवढेच तो बोलला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते हे समितीतल्या कोणाला ठाऊक नव्हते असे नव्हे. ठाऊक सगळ्यांनाच होते. पण हप्त्यांचा तक्ता मांडताना ते कोणाला सुचले नाही, कारण कोणाचीच होडी वर ओढलेली नव्हती. पुढे पत्रव्यवहार होऊन पावसाळ्याचे हप्ते वगळले गेले. त्याला दोन वर्षे लागली आणि तोवर दोघांच्या होड्या विकल्या गेल्या होत्या.

म्हणून समिती कशासाठी नेमली यापेक्षा समितीत कोण आहे, हे आधी पाहण्याची मला खोड लागली. तेलगळतीच्या संशोधनाबाबत ही खोड मला थेट अलास्कापर्यंत घेऊन गेली.

२४ मार्च १९८९ रोजी ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातात खडकावर चढले आणि सुमारे ३७ हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले. ‘चित्रा’च्या चाळीसपटीहून अधिक. या प्रकारानंतर अमेरिकेने १९९० मध्ये तेल-प्रदूषणाचा कायदा केला आणि त्याच कायद्याने तेलगळतीवर संशोधन करणारी एक संस्था उभी केली. तिचे ठाणे कॉर्डोव्हा या मच्छीमारांच्या गावात आहे. या गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. बोटीने जायचे नाहीतर विमानाने. संशोधन संस्था राजधानीत न काढता तेल जिथे आले त्या परिसरात काढली, हेच मला आधी आवडले.

त्याहून आवडली ती तिच्या सल्लागार मंडळाची रचना. ती कोणा मंत्र्याच्या मर्जीवर सोडलेली नाही, कायद्यातच लिहिली आहे. एकूण १६ जण. अलास्का राज्याच्या तीन खात्यांचे तीन कर्मचारी, केंद्राचे तीन, त्यांत तटरक्षक दलाच्या खात्याचा एक. तेल आणि वायू उद्योगाचे दोन. मच्छीमारीच्या धंद्यातले दोन, आणि तेही त्या तेलाची झळ बसलेल्या गावांतलेच रहिवासी हवेत. तिथल्या मूळ आदिवासी समाजांचे दोन. त्यांची निवड राज्यपाल करतो, पण आदिवासींच्या महासंघाने दिलेल्या चार नावांतूनच. आणखी दोन जण झळ बसलेल्या गावांतले, समुद्राची आणि तिथल्या जीवसृष्टीची जाण असलेले सामान्य रहिवासी. त्यांना मंडळाचे बाकीचे सभासद निवडतात. उरलेले दोघे संशोधन संस्थांचे प्रतिनिधी, आणि या दोघांना मताचा अधिकार नाही.

माझ्यातला बँकवाला इथे खूश झाला. ज्याच्या संस्थेला संशोधनाचा पैसा मिळू शकतो, त्याने बैठकीला यावे, आपले ज्ञान सांगावे, पण पैसा कोणाला द्यायचा यावर हात वर करू नये. कर्जदाराने कर्जमंजुरीच्या सभेत मत देऊ नये, इतके हे सरळ आहे. आपल्याकडे नेमके उलटे दिसते. प्राध्यापक मंडळींना मत असते आणि मच्छीमाराला फार तर ‘निमंत्रित’ म्हणून चहा. हिशेब करा: मत असलेल्या १४ जणांत मच्छीमार, आदिवासी आणि गावकरी मिळून सहा. बहुमत नाही, पण सहा जणांना टाळून ठराव रेटणे सोपेही नाही. तेल कंपन्यांनाही दोन जागा आहेत आणि त्या असायलाच हव्यात. नळवाहिनी कुठे गंजते हे त्यांच्या अभियंत्याइतके कोणाला ठाऊक असणार?

अशा माणसांची गरज का पडते, याचे उत्तर त्याच आखातातल्या हेरिंग माशाने दिले. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या नात्यातला मासा. अपघात १९८९ चा आणि हेरिंगची मासेमारी कोसळली १९९३ मध्ये, चार वर्षांनी. ती पूर्वपदावर आलीच नाही. तेलामुळे किती आणि रोगामुळे किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण सहा महिन्यांत अहवाल देऊन मोकळी झालेली समिती असती, तर १९९३ साली हा प्रश्न विचारायलाच कोणी उरले नसते. तिथे प्रश्न विचारणारे गावातच राहत होते. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली, ती अशी की अलास्कातले तेल-वायूचे काम थांबल्यावर आणखी एक वर्ष होईपर्यंत संस्थेचा निधी चालू राहावा.

अमेरिकेत सगळेच असे चालते, असा समज मात्र नको. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलमंचावर स्फोट झाला, ११ कामगार गेले आणि विहीर ८७ दिवस वाहत राहिली. तिचे तोंड जुलैच्या मध्यावर बंद झाले, आणि तीन आठवड्यांत आपल्याकडे ‘चित्रा’ आपटली. बीपी कंपनीने दहा वर्षांच्या संशोधनासाठी ५० कोटी डॉलर देऊ केले. त्यासाठी २० जणांचे मंडळ झाले. निम्मे सभासद कंपनीने नेमलेले, निम्मे आखाताच्या किनारी राज्यांच्या संघटनेने. मंडळ शास्त्रज्ञांचे होते आणि त्यांनी काम चांगले केले, पण कोळंबी धरणाऱ्याची खुर्ची त्यात नव्हती.

गंमत अशी की या मंडळाच्या अध्यक्ष रिटा कोलवेल यांना त्या खुर्चीचे मोल ठाऊक असावे. पटकीच्या जंतूंवर आयुष्य घालवलेल्या या बाईंनी बांगलादेशातल्या खेड्यांत एक प्रयोग केला होता. जुनी सुती साडी चौपदरी करून तिच्यातून पाणी गाळायचे, एवढाच. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने कमी झाल्याचे दिसले. साडी जुनी असेल तर अधिक चांगली, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुगलेले असतात. नळाला फडके बांधणाऱ्या आमच्या आईला हे कोणी शिकवले नव्हते. बाईंचे मोठेपण हे की प्रयोगशाळेतली माणसे ज्याकडे पाहत नाहीत, त्या चिंध्यांकडे त्यांनी पाहिले.

आता आपल्याकडे वळू. आपल्या देशात तेलगळतीसाठी राष्ट्रीय आकस्मिकता योजना १९९६ पासून अमलात आहे. तिचे सूत्रसंचालन तटरक्षक दलाकडे आहे, आणि ते दल आपले काम चोख करते याविषयी मला शंका नाही. दलाच्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली बैठका होतात. केंद्राची खाती, किनारी राज्ये, बंदरे, तेल कंपन्या यांची माणसे त्यांना येतात. किनाऱ्यावर आलेले तेल काढण्याची जबाबदारी राज्यांची. वृत्तांत वाचताना कोळ्यांच्या एखाद्या सहकारी संस्थेचे नाव माझी नजर शोधत राहते आणि ते सापडत नाही. प्रत्यक्ष तेल काढायची वेळ आली की मात्र त्यांची आठवण होते. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजांची टक्कर झाली, तेव्हा बादल्यांनी तेल उपसणारी माणसे साऱ्या देशाने पाहिली. २०२३ च्या डिसेंबरात पुरासोबत एन्नोरच्या खाडीत तेल आले, तेव्हाही मच्छीमार होड्यांतून हातांनी ते काढत होते.

ही खुर्ची आपल्या कायद्याला अगदीच अपरिचित आहे, असेही नाही. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समित्या सांगितल्या आणि त्यांत पारंपरिक किनारी समाजांचे, मच्छीमारांसह, किमान तीन प्रतिनिधी असावेत असे लिहिले. म्हणजे आमच्या ठाणे जिल्ह्यातही. किनाऱ्यावर बांधकाम कुठे करावे यावर ज्यांचे म्हणणे ऐकायचे, त्यांचे म्हणणे तेलाच्या अभ्यासात का ऐकू नये?

यावर एक आक्षेप हमखास येतो: “संशोधन हे शास्त्रज्ञांचे काम, तिथे अडाण्यांची भाऊगर्दी कशाला?” प्रयोग करणे शास्त्रज्ञांचेच काम आहे, त्यात कोणी लुडबूड करू नये. पण कशावर प्रयोग करायचा, हे ठरवताना काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. तेल विरवणारी रसायने फवारली की पाण्याचा पृष्ठभाग स्वच्छ दिसतो, छायाचित्र चांगले येते. पण तेलाचे बारीक थेंब खाली पाण्यात मिसळतात. तिथे डोल जाळे लावलेले असते. ते एका जागी बांधलेले असते, भरती-ओहोटीच्या ओढीने मासा त्यात येतो. ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. तेलाने माखलेले जाळे धुतले तर पुन्हा वापरता येते का? तिवरांच्या चिखलातली चिंबोरी किती पावसाळ्यांनी परतते? ओहोटीला खडकावर बसून कालवे काढणाऱ्या बायकांच्या हातांना काय होते? उधाणाला आलेले तेल भांगाला कुठे बसते? हे प्रश्न प्रयोगशाळेत नेण्याजोगे आहेत, पण ते जन्मतात किनाऱ्यावर.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. खुर्ची ठेवली की तिच्यावर पुढारी बसतो. ज्याने वीस वर्षांत जाळे ओले केलेले नाही असा. याला औषध अलास्काच्या कायद्यात आहे: झळ बसलेल्या गावचा रहिवासी हवा, नावे समाजाच्या संस्थेने द्यायची, सरकारने त्यांतूनच निवडायचे, आणि मुदत दोनच वर्षांची. मी त्यात एक भर घालीन. निदान एक जागा मासळी विकणाऱ्या बाईची असावी. दर्यात नवरा जातो, पण बाजार तिला कळतो. तेलाच्या बातमीने भाव किती पडतो आणि किती आठवडे पडतो, हे तिच्या बोटांवर असते.

पैसा नाही, हे कारणही मला पटत नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ कोळशाने भरलेले ‘रॅक’ जहाज बुडाले आणि त्यातले तेल बाहेर आले. त्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली. वसुली आणि अपिले हा वेगळा विषय. पण अशा रकमांतला ठरावीक हिस्सा दीर्घ मुदतीच्या अभ्यासाला राखून ठेवणे कोणत्याही हिशेबात बसते. आणि विषय जुना झाला असे तर मुळीच नाही. २५ मे २०२५ रोजी ‘एमएससी एल्सा-३’ हे जहाज ६४० कंटेनरांसह केरळजवळ बुडाले आणि प्लास्टिकचे पांढरे मणी तिथल्या वाळूत पसरले.

महाराष्ट्राने असे मंडळ केलेच, तर दोन बारीकसारीक गोष्टी आधीच लिहून ठेवाव्यात. बैठकीची तारीख पंचांग पाहून ठरवावी. ज्या तिथीला मासळी लागते त्या दिवशी तांडेलाला मुंबईला बोलावू नये. आणि सचिवांना त्या दिवशीचा पगार मिळतच असतो, तेव्हा प्रवासखर्चाच्या रकान्याशेजारी बुडालेल्या दिवसाच्या मजुरीचा एक रकाना छापून घ्यावा.