टाकीत काय भरतोय, ते आम्हाला सांगा

माझी स्कूटर 2014 सालची. यंदाच्या पावसाळ्यात एका सकाळी ती चालूच होईना, म्हणून ढकलत गॅरेजवर नेली. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडून आतलं रबर बोटात धरून दाखवलं. फुगलेलं, चिकट. "भाई, पेट्रोलात आता पाचवा हिस्सा इथेनॉल आहे," तो म्हणाला. दोष इथेनॉलचाच की अकरा वर्षांच्या म्हातारपणाचा, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मला न विचारता माझ्या टाकीतलं इंधन बदललं, एवढं मात्र खरं.

2014 मध्ये पेट्रोलात जेमतेम दीड टक्का इथेनॉल होतं. 2018 च्या जैवइंधन धोरणात वीस टक्क्यांसाठी 2030 ची मुदत होती. ती अलीकडे ओढली आणि 2025 मध्ये वीस टक्के गाठलेही.

या धोरणाला सरसकट विरोध करणाऱ्यांत मी नाही. आपण 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यावरचं परकीय चलन वाचणं ही लहान गोष्ट नव्हे. उसाचे पैसे 14 दिवसांत द्यावेत असा नियम 1966 च्या आदेशापासून आहे, आणि तो किती पाळला जातो हे ऊसपट्ट्यात कुणालाही विचारा. साखर गोदामात पडून राहते, पण इथेनॉलचे पैसे तेल कंपन्यांकडून लवकर येतात. त्यातून थकबाकी कमी होत असेल, तर शेतकऱ्याच्या घरात ते सुख आहे. ऑक्टेनही वाढतो.

पण हिशेबाची दुसरी बाजू कुणी मांडायची? लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच म्हटलं आहे की, जुन्या बनावटीच्या मोटारींचं मायलेज 6 ते 7 टक्के आणि दुचाकींचं 3 ते 4 टक्के घटेल. ई-20 साठी जुळवलेल्या नव्या गाड्यांना फटका 1-2 टक्क्यांचाच. म्हणजे ज्याला नवी गाडी परवडते त्याचं फारसं बिघडत नाही. दिवसाला दोन लिटर जाळणारा, जुन्या दुचाकीवरून पार्सलं पोचवणारा मुलगा मात्र रोजचे सहाएक रुपये गमावतो, महिन्याला दीडशेच्या वर. त्याच अहवालात मिश्रित इंधन स्वस्त विकावं अशीही शिफारस होती. मायलेजचा अंदाज खरा ठरतोय, स्वस्ताई काही दिसली नाही. सरकारचं उत्तर असं की इथेनॉलच महाग पडतं, 2025 मध्ये सरासरी 71.32 रुपये लिटर होतं. असेल. मग तो भार ग्राहकाने का उचलायचा?

आणि पाणी. त्याच अहवालानुसार उसापासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी न्यावं लागलं होतं. लातूर जिल्हा तेव्हाही ऊस पिकवत होता, आजही पिकवतो. मक्याकडे वळलो म्हणून प्रश्न सुटला असंही नाही. कोंबडीपालक मक्याच्या भावाने हैराण झाले होते. सरकारी गोदामातला 52 लाख टन तांदूळ 2024-25 मध्ये 22.50 रुपये किलोने इथेनॉलसाठी राखला गेला. रेशनच्या रांगेतल्या बाईला हा आकडा कसा सांगायचा, मला कळत नाही.

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 ला फेटाळली. न्यायालयाचा मार्ग तूर्त बंद आहे, तरी मागणी गैर ठरत नाही. ब्राझील 1975 पासून या वाटेवर आहे, आपल्यापेक्षा जास्त इथेनॉल वापरतो. पण तिथल्या पंपावर मिश्रित पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल वेगवेगळ्या भावाने मिळतं. लोक भाव बघून हिशेब करतात आणि ठरवतात. आपल्याकडे निदान प्रत्येक नोझलवर टक्केवारी लिहा, जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचा एक पंप ठेवा, आणि मायलेज जितकं घटतं तितका भाव उतरवा.

स्कूटर दुरुस्त झाली. परतताना पंपावरच्या पोराला विचारलं, यात इथेनॉल किती? तो हसला. "साहेब, इथे फक्त साधं पेट्रोल मिळतं."